पाकटाच्या आतड्यातला मराठवाडा

आमच्या शिरड शहापूरच्या बाजारात समुद्र येतो तो पोत्यातून. सुकट, जवळा, सुके बोंबील, वाळलेली मांदेली. औंढा-वसमत रस्त्यावरचं हे गाव. मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे लोकांना माहीत असलेलं, त्यामुळे मासळीची पथारी बाजाराच्या कडेलाच. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून लांब. ओली मासळी म्हणजे सिद्धेश्वर आणि येलदरीच्या धरणातली: मरळ, रोहू, कटला, कधी वांब. ज्यांनी आयुष्यात लाट पाहिली नाही अशा घरांतही सुकटीची चटणी मात्र होते.

अशा प्रदेशातल्या एका विद्यापीठाने समुद्री माशांच्या पोटातल्या कृमींचा ध्यास घ्यावा, रत्नागिरीच्या धक्क्यावरून आतडी गोळा करून एस.टी.च्या टपावर ती मराठवाड्यात आणावीत आणि त्यांतल्या कृमींना औरंगाबाद, पैठण, गोदावरी अशी नावं द्यावीत, हे ऐकणाऱ्याला गंमतीचं वाटतं. मलाही विद्यार्थी असताना ते गंमतीचंच वाटत होतं. आता निवृत्तीनंतर जुन्या वह्या चाळताना वाटतं की गंमत कमी आणि इतिहास जास्त आहे. तो लिहून ठेवायला हवा. त्यातलं काय टिकलं आणि काय वाहून गेलं, हेही सांगायला हवं.

सुरुवात मात्र समुद्रापासून नाही, विहिरीपासून करतो.

माझ्या आजीच्या पोटरीवर एक पांढुरका, सुरकुतलेला व्रण होता. नारूचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढलेला तो धागा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने खाटेवर. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर भरायची, पाय पाण्यात बुडायचा, फोडातून नारूची पिल्लं पाण्यात सुटायची. ती पिल्लं गिळायचा सायक्लॉप्स, म्हणजे पाण्यात उड्या मारणारा पिसवेएवढा कवचधारी जीव. तो पाण्याबरोबर माणसाच्या पोटात, आणि वर्षभराने पुन्हा पायावर फोड. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेन्को याने 1870 च्या सुमारास तुर्कस्तानात सायक्लॉप्सचा हा भाग उलगडला. मराठवाड्यातल्या विहिरींना कठडे बांधून, पाणी गाळून, औषध टाकून नारू हटवायला पुढे शंभरहून अधिक वर्षं लागली. भारतातला शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

हे सांगण्याचं कारण असं की आजीच्या विहिरीतला सायक्लॉप्स आणि समुद्रातल्या माशाला कृमी देणारा जीव एकाच घराण्यातले आहेत. समुद्रात या घराण्याचे असंख्य भाऊबंद तरंगत असतात. पाकटाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी पाण्यात पडतात, ती हे सूक्ष्म कवचधारी खातात, त्यांना मांदेली-तारली-पेडव्यांसारखे छोटे मासे खातात, आणि त्या छोट्या माशांना पाकट, मुशी गिळतात. कृमीची अळी छोट्या माशाच्या मांसात किंवा आतड्याबाहेरच्या पडद्यात पुटकुळी करून थांबते. थांबते म्हणजे वाट पाहते. मोठ्या माशाच्या पोटात पोचल्याशिवाय ती वयात येत नाही. विहीर आणि दर्या यांत फरक एवढाच की नारूच्या साखळीत शेवटी माणूस होता आणि इथे पाकट आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत अशा प्राण्याला पोशिंदा म्हणतात. इंग्रजी शब्दात केवळ घरमालकपण आहे. आपल्या शब्दात पोसणंही आहे आणि थोडी चेष्टाही.

चरक-सुश्रुतांनी कृमींचे वीस प्रकार मोजले. युरोपात फ्रान्चेस्को रेदी याने 1684 साली ‘जिवंत प्राण्यांत राहणारे जिवंत प्राणी’ या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. पण हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर माशांच्या कृमींकडे सरकारचं लक्ष गेलं ते मोत्यांमुळे. सिलोनच्या मोत्यांच्या कालवांचं पीक वर्षानुवर्षं बुडत होतं. 1857-58 च्या सुमारास तिथे केलार्ट नावाच्या डॉक्टरने कालवांत कृमी पाहिले होते आणि मोती त्यांच्याभोवतीच बनतो असा तर्क मांडला होता. 1902 साली इंग्रज सरकारने प्राध्यापक हर्डमन यांना पाठवलं. त्यांच्याबरोबर जेम्स हॉर्नेल. केंब्रिजचे आर्थर शिपली यांच्यासह हॉर्नेलने कालवांतल्या त्या गोल पुटकुळ्यांचा अभ्यास केला. ती पट्टकृमीची अळी होती, आणि तिचा पुढचा मुक्काम कालवं फोडून खाणारं पाकट. म्हणजे पाकट हे एकाच वेळी कालवांचा शत्रू आणि मोत्यांचा जनक! सरकारने पाकटं मारावीत की जपावीत? कल्पना इतकी देखणी होती की ती खोटी ठरू नये असं अनेकांना वाटलं असणार. पण लिस्टर जेमसन याने 1912 साली मोती कापून पाहिले आणि सिद्धान्ताचा पाया ढिला करून टाकला. बहुतेक मोत्यांच्या गाभ्यात कृमी नव्हताच.

मोत्यांचा सिद्धान्त गेला, पण कृमींची नोंद मागे राहिली. याच सिलोनच्या मोती-खात्यात काम केलेले टॉमस साउथवेल पुढे बंगालच्या मत्स्य खात्यात आले आणि शेवटी लिव्हरपूलला गेले. 1930 साली त्यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले पट्टकृमींवरचे दोन खंड निघाले. त्यानंतर कित्येक दशकं भारतातल्या प्रत्येक कृमी-अभ्यासकाच्या टेबलावर हे दोन खंड असत. आमच्या प्रयोगशाळेत त्यांची कव्हरं झिजून कापडाने पुन्हा शिवलेली होती.

या खंडांच्याही पाच वर्षं आधीची एक मराठी नोंद आहे. नागपूरच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक म. अ. मोघे यांनी मागूर माशाच्या आतड्यातून एक नवा कृमी काढला आणि 1925 साली केंब्रिजच्या ‘पॅरासायटॉलॉजी’ नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. नाव ठेवलं कॅरिओफायलियस इंडिकस. हा कृमी विचित्र. पट्टकृमी म्हटला तर त्याला पट्ट्याचे तुकडे नाहीत, अख्खं शरीर एकच. त्यामुळे निबंधाच्या शीर्षकात तो पर्णकृमींच्या गटात टाकलेला आहे. 1931 साली मोघ्यांनी त्याच नियतकालिकात पुरवणी निबंध लिहिला, आपलं जुनं वर्णन पूर्ण केलं आणि कृमीला लायटोसेस्टस या वंशात हलवलं. स्वतःच्याच निबंधावर सहा वर्षांनी परत येऊन तो नीट करणं ही गोष्ट छोटी वाटते. पुढे ती किती मोठी ठरली ते सांगतो.

आता औरंगाबाद. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं 23 ऑगस्ट 1958 रोजी. तोवर इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. नव्या विद्यापीठाकडे पैसा कमी, उपकरणं कमी. प्राणिशास्त्रात संशोधन करायचं तर कशावर? कृमिशास्त्राचा एक फायदा असा की त्याला लागतं फार थोडं: सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, फॉर्मेलिन, हिमॅटॉक्सिलिनचा रंग, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, झायलीन, चित्र काढायला कॅमेरा ल्युसिडा आणि बाजारातून आणलेला मासा. माशाचं मांस घरी नेता येतं, हेही एक. ग. ब. शिंदे या प्राध्यापकांनी इथे या विषयाची शाळा उभी केली. 1968 साली त्यांनी मरळ माशाच्या पोटातून एक नवा वंशच जाहीर केला, सर्कमऑन्कोबोथ्रियम. डोक्याभोवती आकड्यांचं वर्तुळ असलेला, असा त्या नावाचा अर्थ. निबंध छापला गेला इटलीतल्या ‘रिविस्ता दि पारासितोलोजिया’त. मराठवाड्यातल्या मरळीचा कृमी, ग्रीक-लॅटिन नाव, इटालियन नियतकालिक. त्या काळच्या औरंगाबादेत या गोष्टीने किती छाती फुगली असेल, याची कल्पना मला माझ्या गुरुजींच्या बोलण्यातून येत असे.

पुढची वीस-पंचवीस वर्षं भराभर नावं आली. मरळीतून आणि वांबीतून सेंगा वंशाच्या जाती: सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा गोदावरी, सेंगा पैठणेन्सिस, सगळ्या 1980 च्या आसपासच्या. (जाती हा शब्द इथे प्राणिशास्त्रातला, आमच्याकडे तो उच्चारला की वर्गात कोणीतरी हसायचंच.) गोड्या पाण्यावर भागेना तेव्हा मंडळी पश्चिम किनाऱ्याला लागली. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला. पाकट आणि मुशी हे पट्टकृमींचे खरे वाडे. एकेका पाकटाच्या आतड्यातल्या मळसूत्री घडीत चार-पाच वंशांचे कृमी एकत्र नांदतात. सिलोनच्या मोत्यांत ज्याचं नाव गाजलं त्या टायलोसेफॅलम वंशाच्या नव्या जातीही या मंडळींनी पश्चिम किनाऱ्यावरच्या पाकटांतून वर्णिल्या. दुष्काळी भागातल्या, बहुतेक शेतकरी घरांतल्या मुलांची ही पहिली पिढी. त्यांनी समुद्र पाहिला तो पर्यटक म्हणून नव्हे. आतड्यांचे गिऱ्हाईक म्हणून.

मीही गेलो, एकदाच. रात्रभराचा प्रवास करून पहाटे मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उतरलो. होड्या लागत होत्या. वासाने पोट ढवळलं, आमच्या सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, “आता याच वासावर पदवी मिळायची आहे.” कोळणींना आम्ही ठाऊक होतो. “आले काय ते आतडीवाले,” असं एकीने दुसरीला सांगितलं. मासा विकत घेणं आम्हाला परवडत नसे. पाकट कापलं की पोटातलं सगळं आम्हाला मिळायचं, बदल्यात दोन-चार रुपये आणि बरीच थट्टा. एक वयस्क कोळीण मला म्हणाली, “लेकरा, एवढ्या लांबून आलास तर पोट कशाला नेतोस, मासा ने की.”

लॉजच्या मोरीत एनॅमलच्या ट्रेमध्ये मिठाचं पाणी घालून आतडी उभी चिरायची. कृमी दिसले की बारीक कुंचल्याने उचलायचे, दोन काचपट्ट्यांत दाबून चपटे करायचे, दोऱ्याने बांधून चार टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकायचे. ते दाबणं लक्षात ठेवा. पट्टकृमी मऊ असतो. किती दाबला, जिवंत होता की मेलेला, आकसलेला की सैल, यावर त्याची लांबी-रुंदी तर ठरतेच, आतल्या अवयवांची मांडणीही वेगळी दिसते. मासा रात्री जाळ्यात आलेला, आतडी दुपारी आमच्या हाती आलेली. त्या उकाड्यात कृमी सडायला लागलेले असत. मग औरंगाबादेत परत येऊन रंग देऊन, चित्र काढून वृषणांची संख्या मोजायची आणि साउथवेलच्या खंडात आणि नंतरच्या निबंधांत जुळणारं वर्णन शोधायचं. आकडा जुळला नाही की नवी जात!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या धक्क्यावर पाकटं मोजकी होती. टोपल्या भरभरून होते ते छोटे मासे: मांदेली, तारली, पेडवे, बोंबील, बांगडे. त्यांच्याकडे आम्ही ढुंकून पाहिलं नाही. एका मुलाने बांगड्याच्या कल्ल्यातून पांढरा, चिवट, चौदा पायांचा किडा ओढून काढला. तोही परजीवीच, माशाच्या कल्ल्याला किंवा तोंडाच्या आत घट्ट धरून राहणारा समपाद कवचधारी. सर म्हणाले, “ते आपलं नाही.” बोंबलाच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखी पुटकुळी निघाली, तीही फेकली. कारण सरळ होतं. पुटकुळीत असते ती अळी. अळीत वृषण-अंडाशय तयार झालेले नसतात, त्यामुळे जात ठरत नाही. जात ठरत नाही तर नाव देता येत नाही, आणि नाव नसलेल्या गोष्टीवर निबंध छापून येत नाही.

माझ्या मते मराठवाड्याच्या या सगळ्या उद्योगातली सर्वांत मोठी फट हीच आहे, आणि ती फक्त आमच्याच शाळेची नव्हती. मोठ्या माशातला वयात आलेला कृमी कागदावर आला. छोट्या माशांत तो किती आहे, कुठल्या ऋतूत आहे, दहा तारल्यांत एकीत की नऊंत, हे वहीतच आलं नाही. परजीवींच्या शास्त्रात याला प्रादुर्भाव म्हणतात, आणि त्यात रिकाम्या माशाची नोंद भरलेल्या माशाइतकीच मोलाची. इंग्लंडच्या हॅरी क्रॉफ्टन यांनी 1971 साली दाखवून दिलं की रानातल्या किंवा पाण्यातल्या कुठल्याही कळपात परजीवी समान वाटलेले नसतात. बहुतेक पोशिंद्यांत एकही नसतो किंवा एखाद-दुसरा असतो, आणि थोडक्या दुर्दैवी पोशिंद्यांत सगळा भार. म्हणजे पाच मासे कापून काहीच कळत नाही. शेकडो कापावे लागतात. आमच्या निबंधांत मात्र बहुधा एवढंच असे: अमुक माशातून, अमुक गावी, इतके कृमी मिळाले. किती माशांतून मिळाले नाहीत, ते त्या वाक्यात नसे.

छोट्या माशांतला कृमी बघणं किती महत्त्वाचं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या खाजणांतून आलं. तिथे किलीफिश नावाचा बोटाएवढा मासा आहे. गोगलगाईतून निघालेली एका पर्णकृमीची अळी त्याच्या मेंदूवर जाऊन बसते. अशा अळ्या असलेला मासा पाण्याच्या वर येऊन वेड्यासारखा वळवळतो, कूस पालटतो, चकाकतो. केविन लॅफर्टी आणि मॉरिस यांनी 1996 साली मोजून दाखवलं की असे मासे पक्ष्यांच्या चोचीत निरोगी माशांपेक्षा दहा ते तीस पट अधिक जातात. पक्षी हा त्या कृमीचा शेवटचा पोशिंदा. म्हणजे बगळ्याच्या पोटात काय पडायचं, हे बगळा ठरवत नाही, माशाच्या मेंदूवरचा कृमी ठरवतो! आपल्या कोकणातल्या खाड्यांतही गोगलगायी आहेत, बोटाएवढे मासे आहेत, बगळे आहेत.

भारतात या दिशेने काम झालंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. समुद्री माशांवरच्या कवचधारी परजीवींवर केरळच्या एन. कृष्ण पिल्लै यांनी आयुष्य घालवलं. त्यांचा जाडजूड ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षणाने 1985 साली काढला. तारली-बांगड्यांच्या कल्ल्यांतले किडे मलबार किनाऱ्यावर आजही मोजले जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला तशी चिकाटीची मोजणी लाभली नाही.

नावांचं पुढे काय झालं? एकविसाव्या शतकात जगभरच्या कृमी-अभ्यासकांनी जुन्या नावांची झाडाझडती सुरू केली. 2008 साली कुख्ता, शोल्झ आणि ब्रे या तिघांनी एका अख्ख्या गणाची उजळणी केली आणि सर्कमऑन्कोबोथ्रियम हा वंश सेंगा या जुन्या वंशात विलीन केला. सेंगा हे नाव डॉल्फस या फ्रेंच माणसाने 1934 साली दिलेलं, तेही पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या मत्स्यालयातल्या एका सयामी लढाऊ माशातून मिळालेल्या कृमीला. म्हणजे आमचा वंश वंश म्हणून चाळीस वर्षं जगला. 2011 साली मागूर माशाच्या कृमींची पाळी आली. भारतातून त्या एका माशात पन्नासहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या होत्या. अनिर्बन ऐश आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतले नमुने पाहिले, नवे मासे कापले आणि भारत, इंडोनेशिया, थायलंड धरून आठच जाती खऱ्या ठरवल्या. त्या आठांत एक नाव टिकलं: लायटोसेस्टस इंडिकस. नागपूरच्या मोघ्यांचा 1925 चा कृमी. पुढच्या पन्नास वर्षांत बाकीच्यांनी जी नावं ठेवली त्यांतली बरीच त्याचीच टोपणनावं निघाली.

समुद्री पाकटांच्या कृमींची कहाणी आणखी गुंतागुंतीची. तिथे पोशिंद्याचंच नाव घसरलं. आम्ही ज्याला डोळे झाकून ‘ट्रायगॉन सेफेन’ लिहीत होतो ते एक पाकट नव्हतं. 2012 साली नेलर, कैरा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या मुशी-पाकटांचे हजारो नमुने डीएनएवरून तपासले आणि एकाच नावाखाली अनेक वेगवेगळ्या जाती दडलेल्या आहेत हे समोर आलं. पाकटांचे पट्टकृमी पोशिंद्याच्या बाबतीत फार हट्टी. एका जातीचा कृमी सहसा एकाच जातीच्या पाकटात. पोशिंदा चुकला की कृमीचा पत्ताच चुकला. 2017 साली पट्टकृमींच्या जागतिक पाहणीचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात भारतीय किनाऱ्यावरच्या पुष्कळ नावांपुढे ‘शंकित’ असाच शेरा बसला आहे. कारण मूळ नमुना, म्हणजे ज्या काचपट्टीवरून वर्णन केलं ती काचपट्टी, पाहायलाच मिळत नाही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ही सगळी नावं उतावीळपणाची फळं होती असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, आणि काही परदेशी निबंधांचा सूर तसा आहेही. ज्याला पीएच.डी.वर नोकरी, नोकरीवर घरातल्या चार जणांचं पोट, आणि पीएच.डी.ला नव्या जाती लागायच्या, त्या मुलाला वृषणांची संख्या वेगळी दिसायचीच. जागतिक नियमावलीनेही मूळ नमुना कुठल्या संग्रहात ठेवला हे स्पष्ट लिहिण्याची सक्ती 2000 सालापासूनच केली. आणि तरीही मोघ्यांचा निबंध टिकला, हेही खरं. त्यांच्याजवळ आमच्यापेक्षा चांगलं उपकरण नव्हतं. ते सहा वर्षांनी परत आले, एवढंच. आमच्यापैकी किती जण आपल्या जुन्या जातीकडे परत गेले? मी गेलो नाही. माझ्या एका काचपट्टीवरच्या कृमीला नवं नाव मिळता मिळता राहिलं, आणि आज त्याबद्दल मला खंत नाही, सुटल्यासारखंच वाटतं.

खंत आहे ती बाटल्यांची. मी पुढे ज्या महाविद्यालयात शिकवलं तिथे संग्रहाच्या कपाटात शंभरेक बाटल्या होत्या. छोटे-मोठे मासे, चिकटवलेल्या कागदावर शाईने गाव आणि तारीख. कोणीतरी कधीतरी विद्यार्थ्यांना दाखवायला आणलेले बोंबील, मांदेली, बांगडे. फॉर्मेलिन उडून जायचं, भरायला पैसे मंजूर व्हायचे नाहीत. एका उन्हाळ्यात रंगरंगोटीसाठी खोली मोकळी करायची होती. सुट्टीवरून आलो तर कपाट रिकामं. मीही फार आरडाओरडा केला नाही. जुने, पिवळे पडलेले मासे. त्यांचं काय करायचं होतं?

काय करता येतं ते 2023 साली वाचलं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या चेल्सी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या संग्रहातले बाटल्यांतले मासे बाहेर काढले. 1880 ते 2019 या काळात प्युजेट साउंड या खाडीत पकडलेले आठ जातींचे 699 मासे, त्यांत आपल्या तारलीच्या नात्यातला हेरिंगही. प्रत्येक मासा जपून चिरला, आतले परजीवी मोजले, मासा पुन्हा शिवून बाटलीत ठेवला. सतरा हजारांहून अधिक परजीवी निघाले. ज्या परजीवींना आयुष्य पुरं करायला तीन किंवा अधिक पोशिंदे लागतात ते दशकामागून दशक घटत गेलेले दिसले. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान एक अंशाने वाढलं की अशा परजीवींची संख्या 38 टक्क्यांनी कमी. पुढच्याच वर्षी त्यांच्याच गटाने 1979 ते 2021 मधले सामन माशाचे 178 जुने डबे उघडून शिजलेल्या मांसातले गोलकृमी मोजले. दोन जातींच्या सामनमध्ये ते वाढत गेले होते, दोन जातींमध्ये होते तेवढेच.

कृमी घटले तर बरंच झालं, असं कोणी म्हणेल. मला प्रशिक्षण मिळालं त्यानुसार मी उलट वाचतो. छोटा मासा, त्याला खाणारं पाकट, त्याआधीचा सूक्ष्म कवचधारी, यांतली एक कडी जरी तुटली तरी तीन पोशिंद्यांचा कृमी आधी मरतो. पाकट आणि मुशी आपल्या किनाऱ्यावर आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत हे धक्क्यावरचं कुठलंही म्हातारं माणूस सांगेल. त्यांच्या पोटातला वाडा रिकामा होत असेल तर त्याची खूण बोंबलाच्या मांसातल्या त्या तांदळाएवढ्या पुटकुळीत आधी दिसायला हवी. ती पुटकुळी 1980 च्या दशकात दर शंभरी किती होती, हे सांगणारी वही किंवा बाटली हाताशी हवी होती.

वाचकांपैकी कोणी एव्हाना ताटातल्या बोंबलाकडे संशयाने पाहत असेल म्हणून सांगतो. 1960 साली हॉलंडमध्ये कच्चा हेरिंग खाणाऱ्यांच्या पोटदुखीमागे गोलकृमीची अळी आहे हे व्हॅन थील यांनी दाखवलं, आणि 1968 पासून तिथे हेरिंग आधी गोठवण्याचा कायदा आला. आपल्याकडे मासा कच्चा खात नाहीत. नीट शिजलेल्या, तळलेल्या माशातली अळी मेलेली असते. पाकटाच्या पट्टकृमीला तर माणसाच्या पोटात थाराच नाही. उन्हात वाळवलेली सुकटही खरपूस भाजूनच खाल्ली जाते. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तव्यावर सुकट भाजताना धूर निघाल्याशिवाय ती उतरवत नसे.

गेल्या पावसाळ्यापासून मी एक उद्योग सुरू केला आहे. बाजारातून पावशेर सुके बोंबील आणि मांदेली आणतो, रात्रभर पाण्यात भिजत घालतो. विकणाऱ्या बाईंना ते बंदर विचारतो. त्या व्यापाऱ्याचं गाव सांगतात, मी तेच लिहून घेतो. सकाळी खिडकीपाशी जुना सूक्ष्मदर्शक मांडतो आणि एकेक मासा सुईने उकलतो. नातू शेजारी बसून मोजतो. पुटकुळी सापडली की तो ओरडतो, नाही सापडली की कंटाळतो. वहीत दोन रकाने आखले आहेत. रिकाम्या माशांचा रकाना त्याच्याकडे दिला आहे, आणि तोच जास्त लवकर भरतो.